ब्रेकमध्ये अडकलेली हवा

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. माझा निळा रंग आता दारांच्या कडेला तेवढा शिल्लक आहे. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा लोक वळून बघायचे. पुढे एका सुताराने मला घेतलं आणि माझ्या हौद्यातून दारं, पलंग, कपाटं जाऊ लागली. "हिनं कधी दगा दिला नाही," असं तो येईल-जाईल त्याला सांगायचा. कौतुक एवढं, पण माझ्या ब्रेककडे वर्षानुवर्षं कोणी वाकूनसुद्धा पाहिलं नाही.

एके दिवशी पुढच्या चाकापाशी ब्रेक ऑइल ठिबकलेलं दिसलं. सुताराचा मेहुणा मेकॅनिक. त्याने पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर, म्हणजे चाकाची तबकडी चिमट्यासारखी आवळून धरणारे भाग, बदलले. असं काम केलं की नळ्यांत हवा शिरते. ऑइल दबत नाही, हवा दबते. म्हणून ती काढावीच लागते.

सुताराची बायको माझ्या सीटवर बसली. तिचा भाऊ चाकाशी आडवा झाला.

"ताई, दाब. धरून ठेव. हं, सोड."

निपलला, म्हणजे हवा काढायच्या बारीक तोटीला, लावलेल्या नळीतून बुडबुडे आले, कमी झाले, मग नुसतं स्वच्छ ऑइल येऊ लागलं. चारही चाकं झाली. तरी ताईच्या पायाखाली माझं पेडल ओल्या गादीसारखं दबत होतं.

"अजून मऊ आहे रे."

त्याने पुन्हा हवा काढली. पुन्हा तेच. ब्रेकच्या मुख्य पंपावर संशय आला, तोही बदलला. पेडल जसंच्या तसं. सुताराच्या येरझारा चालल्या होत्या. शाळेचे बाक तयार होते आणि ते पोचवायचा शब्द त्याने दिला होता.

"दोनदा पंप केलं की घट्ट होतंय ना? मग जाऊ की हळूहळू," तो म्हणाला.

"उतारावर दोनदा पंप करायला वेळ कोण देणार?" ताईने विचारलं.

"आधी रिकामी चालवून बघतो, दाजी," मेकॅनिक म्हणाला. भावाला एकट्याला सोडायचं ताईच्या जिवावर आलं. ती शेजारी बसली.

सुताराच्या दुकानापासून रस्ता सरळ खाली उतरतो आणि तळाशी बेकरी आहे. उताराला लागले आणि मला कळून चुकलं, की मी थांबणार नाही. त्याने पेडल दाबलं, ते थेट तळाला टेकलं. मागची चाकं जराशी आवळली, पुढची मोकळीच. बेकरीसमोरची माणसं काचेत मोठी मोठी होऊ लागली. एक बाई रस्त्याकडे पाठ करून पिशवी नीट करत होती.

त्याने खाडकन गिअर खाली टाकला. ताईने दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचला. माझी मागची चाकं किंचाळली, कूस फुटपाथला घासली आणि मी उभी राहिले, त्या बाईपासून हातभर अंतरावर.

ती वळली. "गाडी जरा मागे घ्या, वाट अडतेय," म्हणाली आणि आत गेली.



पहिल्या गिअरमध्ये मी वर परतले. दोघांचे चेहरे पाहून सुताराने खिशातून फोन काढला. "शाळेत फोन करतो. बाक आज जाणार नाहीत," एवढंच म्हणाला.

मेकॅनिकने चाकं काढली. या वेळी पाना न उचलता तो नुसता बघत बसला. मग भंगारातून जुना कॅलिपर आणून त्याने नव्याशेजारी धरला. जुन्याचं निपल वरच्या टोकाला होतं. नव्याचं खाली.

"ताई, डावा मी उजवीकडे बसवला आणि उजवा डावीकडे. हवा वर जाऊन बसली, निपल राहिलं खाली. तिथून नुसतं ऑइल येणार, हवा कशी निघेल?"

ती रागावणारच होती. पण तो आधीच चाकाशी आडवा होऊन बोल्ट सोडवू लागला होता, तशी ती पुन्हा सीटवर जाऊन बसली. "सांग, कधी दाबू?"

अदलाबदल झाली. नळीतून बुडबुड्यांचा लोंढा आला आणि पेडल बोटभरही खाली जाईना.

या वेळी सुतार स्वतः एकटाच बसला. कोणाला शेजारी बसू दिलं नाही. उताराच्या मधोमध त्याने ब्रेक दाबला आणि मी जागच्या जागी थांबले. तो पाय न उचलता तसाच बसून राहिला.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी म्हातारी गाडी असेल. तिला धुतलं नाही तरी ती रुसणार नाही. पण पेडल मऊ लागलं तर "चालतंय की" म्हणू नका. आम्हाला बोलता येत नाही. जे सांगायचं ते आम्ही तुमच्या पायाला सांगतो. जिला थांबता येत नाही, तिला निघू देऊ नका.