माशाच्या पोटातले पाळकसाहेब

पाळकसाहेबांना ‘नाही’ म्हणता येत नसे. भीड भिकेची बहीण, हे त्यांची बायको लग्नापासून ऐकवत आली होती, पण पालथ्या घड्यावर पाणी. या भिडेपायी चर्चच्या आवारात एका सुताराची बंद पडलेली मोटार कित्येक वर्षं ठाण मांडून बसली होती. ऑर्गन वाजवणाऱ्या बाई दर रविवारी इतक्या संथ वाजवत की एक ओळ संपेपर्यंत मंडळींचे चेहरे लालबुंद होत. त्यांनाही कधी कुणी काही बोललं नव्हतं.

तेव्हा गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीच्या मॅनेजरने फोन करून, आमचं बायबलमधल्या योनाचं संगीत नाटक तुमच्या चर्चमध्ये करू का, असं विचारलं आणि पाळकसाहेब हो म्हणून मोकळे झाले. फोन ठेवल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, “योनाचा मासा केवढा असेल गं?”

मासा दारातून आत जाईना एवढा होता. लाकडी फासळ्या, वर रंगवलेलं ताडपत्रीचं कातडं. शेवटी तो तुकड्यातुकड्यांनी आत नेऊन जोडला. जबडा वेदीसमोर, शेपूट मागच्या बाकांवर, आणि मधली सगळी बाकं पोटाखाली. प्रेक्षकांनी दोन्ही अंगांना भिंतीला टेकून उभं राहायचं ठरलं.

मासा आला, पण योना आला नाही. देवाने निनवे शहराला उपदेश करायला पाठवलं, तर योना उलट्या दिशेच्या जहाजात बसून पळतो आणि वादळात समुद्रात फेकला जाऊन माशाच्या पोटात पोचतो, अशी ती गोष्ट. योनाचं काम करणारा नटही आदल्या मुक्कामाहून उलट्या दिशेच्या बसमध्ये बसून पसार झाला होता. मॅनेजरला त्याचं काही वाटलं नाही. भूमिका अंगात भिनली की असं होतं, म्हणाला. मग त्याने पाळकसाहेबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. योनावर आपण दरवर्षी प्रवचन देता, तीन कडवी म्हणणं आपल्याला काय जड, असं त्याने विचारलं.

“तुम्हाला कुणी विहिरीत उडी मारा म्हटलं,” बायको दाढी चिकटवताना म्हणाली, “तर तुम्ही एवढंच विचाराल, किती वाजता.”

खेळाला खच्चून गर्दी झाली. पत्रा हलवून वादळ झालं. खलाशी चर्चच्या गायकवर्गातलेच होते. त्यांनी आपल्या पाळकाला उचलून माशाच्या तोंडात असं काही भिरकावलं की तालमीत त्यांनी हात राखून ठेवला होता हे उघड झालं. जबडा मिटला.

आत अंधार होता. रंगाचा वास होता. पळालेल्या योनाची गादीही होती. ऑर्गन सुरू झाला की पश्चात्तापाचं गाणं म्हणायचं आणि बाहेर यायचं. ऑर्गन सुरू झाला. पाळकसाहेब गादीवर बसले. इतकी वर्षं त्यांना कुणी ना कुणी काही ना काही मागत होतं, आणि इथे कुणीच काही मागत नव्हतं. त्यांनी पाय लांब केले.

सुरुवातीचे सूर पुन्हा पुन्हा वाजले. मॅनेजर निनवेच्या राजाच्या वेशात येऊन माशाच्या कल्ल्याशी कुजबुजला, “साहेब, गाणं.”

“नाही,” पाळकसाहेब म्हणाले.

शब्द कसा आला ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. तोंडात लिमलेटची गोळी असावी तसा त्यांनी तो घोळवला. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. टाळ्या पडल्या.

मग सुतार काळजीने पुढे आला. साहेब बरे आहेत ना, हे विचारून झाल्यावर, सहज विषय निघालाच आहे तर मोटार अजून वर्षभर राहू दे का, असंही त्याने विचारलं.

“नाही. सोमवारी घेऊन जा.”

हे मात्र नाटकातलं नव्हे, असं सुताराच्या चेहऱ्यावरून लोकांना कळलं आणि ते सावरून उभे राहिले. ऑर्गनवाल्या बाई उठून आल्या. आपण फार घाई करतोय का, आणखी सावकाश वाजवू का, असं त्यांनी अदबीने विचारलं.

“नाही. भराभर वाजवा, बाई. लोकांना श्वास पुरत नाही.”

बाईंनी पदर खोचला. मग जागेवर गेल्या आणि अशा सुटल्या की निनवेच्या लोकांना पश्चात्ताप धावत धावत करावा लागला. उपदेश करायला कुणी आलंच नव्हतं, पण त्या वेगात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. राजा पश्चात्तापाचं गोणपाट नेसायला लागला तोवर गाणं संपलंसुद्धा.

एवढ्यात शेपटीची बटणं काढून पाळकसाहेबांची बायको आत सरपटत आली.

“अहो, काय झालं?”

“काही नाही. इथे बरं वाटतंय.”

तिने इकडेतिकडे हात फिरवून पाहिलं. पाळकसाहेबांनी सरकून गादीवर जागा केली. ती बसली.

“चहाला कुणी येणार नाही इथे,” थोड्या वेळाने ती म्हणाली.

“नाही.”

“म्हणा अजून एकदा.”

त्यांनी म्हटलं. दोघं हसू दाबत बसली. बाहेर लोक ताटकळले, मग आपापसात गप्पा मारायला लागले, मग घरी गेले. दोघं शेपटीतून बाहेर आली ती तिचे पाय आखडले म्हणून.

सकाळी मासा सुटा करून ट्रकवर चढवला. खरा योनाही तोवर बस बदलून परत आला होता आणि निमूट दोर गुंडाळत होता. शेपूट काही ट्रकमध्ये मावेना. मॅनेजर हात जोडून आला. पुढच्या फेरीपर्यंत एवढी शेपूट चर्चमध्ये राहू दे, म्हणाला.

पाळकसाहेबांच्या ओठांवर ‘हो’ आलंच होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

“नाही,” ते म्हणाले, पण इतक्या हळू की मॅनेजरने कान पुढे करून पुन्हा विचारलं. दिवसाउजेडी, समोरासमोर, दुसऱ्यांदा म्हणायला त्यांना घाम फुटला. पण म्हणाले.

शेपूट ट्रकच्या टपावर बांधली गेली.