तिसरी पुकार

कातारीननं दारात हात आडवा लावला आणि पायरीवरच्या मुलीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. गळ्यात काळे मणी, पायांना जंगलवाटेचा चिखल, सहा-सात महिन्यांचं पोट.

"काय पायजे?"

"इनास हाय?"

"हाय. चर्चला निघालाय. त्याच्या लग्नाची आज शेवटची पुकार. तू कोण?"

"फुला." मुलगी जरा थांबली. "त्याची बायको."

आत तिचा मुलगा इनास बुटाची नाडी बांधत होता. त्याचे हात थांबले, मान मात्र वर झाली नाही. कातारीनला तेवढं पुरलं.

"जंगलातल्या राखणदार देवाच्या देवळात मणी बांधले त्यानं," फुला म्हणाली. "माझा भाऊ झिलू समोर हुता. आता ह्याचं लोंढ्याच्या पोरीशी ठरल्याचं कळल्यावर झिलू म्हणतो, माझ्या घरात पाय ठेवू नको. मला कुणी न्हाई, मावशी."

कॅसलरॉकच्या ख्रिस्ती घरांतली एकही सोयरीक कातारीनच्या शब्दाशिवाय ठरत नसे. तिच्या जिभेला फादरसुद्धा वचकून असत.

"देवळात बांधलं ते लगीन न्हवं," ती म्हणाली. "आमचा देव चर्चमधी जोडतो, आन एकदाच. नवरा, बायको, पोरं, शेजारपाजार, समद्यांना त्यानं जागा नेमून दिलीया. कुणीबी उठून मधी बसायचं न्हाई."

फुलानं पदर पोटावर ओढला.

"मग ह्याची जागा कुटं नेमलीया तेवढं सांगा. मी तितं जाते."

कातारीननं दार लावलं. खिडकीतून तिला फुला स्टेशनाकडं जाताना दिसली. गाडीला निघालेलं माणूस निदान एखादी पिशवी तरी घेऊन निघतं. हिच्या हातात काहीच नव्हतं.

चर्चची चढण चढताना कातारीननं इनासला विचारलं,

"बांधलेस मणी?"

"ते आपल्यात धरत न्हाईत, माय. तूच आत्ता म्हणालीस."

गेले दोन महिने पोरगा नीट जेवला नव्हता. आज त्याचा आवाज मोकळा झाला होता, आणि तो आपल्याच शब्दांनी, हे कळून कातारीन वाटेत उभी राहिली.

"आदामाच्या लग्नाला कुठला पाद्री हुता रे?"

"काय?"

"काय न्हाई. चल."

तिचा बाक पुढचा. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये जाहीर पुकार व्हायची, ती वाचायला फादरनी कागद उलगडला. कॅसलरॉकचा इनास आणि लोंढ्याची जासिंता, तिसरी आणि शेवटची पुकार. या लग्नाला अडचण कुणाला ठाऊक असल्यास सांगावी. या प्रश्नाला कुणी उत्तर दिल्याचं गावाला आठवत नव्हतं. तेवढ्या वेळात लोक खोकून घेत.

कातारीन उठली.

"मला ठाऊक हाय."

"कातारीनबाय, बसा. तुम्ही तर मुलाची आई."

"म्हणूनच. माझ्या पोराचं लगीन झालंय, फादर. बायको पोटुशी हाय. त्यानं तिला सोडली, आन मी सकाळी तिला दारातनं हाकलली. आमच्या दोघांना काय ते प्रायश्चित्त द्या, पर ही पुकार थांबवा."

उत्तराला ती थांबली नाही. मिस्सेची प्रार्थना अर्धी टाकून ती आयुष्यात पहिल्यांदाच बाहेर पडली. मागून "माय!" अशी एक हाक आली. पावलं आली नाहीत.

फलाट रिकामा होता. पार टोकाला, घाट सुरू होतो तिथं, फुला फलाटाच्या काठावर पाय खाली सोडून बसली होती. कातारीन धापा टाकत पोचली आणि तिच्याशेजारी तशीच बसली, पाय रुळांवर सोडून.

"तो आला?" फुलानं तिच्याकडं न बघता विचारलं.

"न्हाई."

"येणार हाय?"

"मला ठाऊक न्हाई. मी आलीया."

दूरच्या वळणावर इंजिनाचा भोंगा झाला. रूळ बारीक आवाज करू लागले.

"ऊठ, पोरी."

"तुम्ही उठा, मावशी. गाडी येतीया."

"तू उठल्याबिगर मला उठता येत न्हाई," कातारीन म्हणाली. "गुडघे गेल्यात माझे. कुणाला सांगितलं न्हाई आजवर."

फुलानं वळणाकडं पाहिलं. मग पाय वर घेतले, आणि म्हातारीच्या काखेत हात घातला.