महानंदाच्या आतड्याचे अस्तर

मित्रांनो, मी आतड्याचे एक जुने अस्तर आहे. जुने म्हणते खरे, पण माझ्या बहुतेक पेशी आठवडाभरही जगत नाहीत. माझ्या घड्यांच्या तळाशी त्या जन्मतात, राबत राबत वर सरकतात आणि गळून पडतात. आठवण मात्र मागे उरते. उदगीरच्या महानंदाच्या पोटात मी आहे आणि तिच्या लहानपणची एक गोष्ट अजून मला स्वस्थ बसू देत नाही.

माझी जाडी एका पेशीची. एका बाजूला भाकरी, पाणी, माती, जंतू असे सारे बाहेरचे जग आणि दुसऱ्या बाजूला रक्त. माझ्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. काही पेशी बुळबुळीत थर सोडतात, त्यात जंतू अडकतात. काही जंतूंना मारणारा रस तयार ठेवतात. धान्याच्या आडतीवर पोत्यात पोकळ सळई खुपसून मूठभर दाणे काढून पाहतात, तशा काही पेशी आलेल्या मालाचा नमुना उचलून खाली बसलेल्या रक्षकांना दाखवतात. परके दिसले की झुंजायचे, असे मात्र मला कधीच करता येत नाही. ज्वारीचा दाणाही परकाच असतो. पोसणारे आत घ्यायचे आणि घातक तेवढेच अडवायचे, हे माझे काम.

लातूर वेगळा जिल्हा होऊन थोडीच वर्षे झाली होती. दुकानांच्या पाट्यांवर नव्या रंगाखालून 'जि. उस्मानाबाद' अजून दिसत होते. पाऊस पुन्हा हुकला होता. महानंदा तेव्हा नुकती बोलू लागली होती. वडील विरूपाक्ष धान्याचे छोटे दुकान चालवीत. घरात आई गौरम्मा होती आणि स्वयंपाकघर वडिलांच्या थोरल्या बहिणीच्या, मल्लम्मांच्या हाती होते. त्यांना सगळे अक्का म्हणत.

टँकरच्या पाण्याला औषधाचा वास येई. अक्कांना तो सोसत नसे. ओढ्याच्या कोरड्या पात्रात लोकांनी वाळू उकरून झिरा केला होता. त्याचे पाणी त्या भरून आणत आणि दुहेरी फडक्याने गाळत.

"बघ की, काचेवाणी हाय," त्या गौरम्माला म्हणत.

त्याच झिऱ्याला जनावरेही तोंड लावत. त्या नितळ पाण्यातून काय येत होते, ते फक्त मला कळत होते. मी झुंजले. पण घरात दूध आटले होते, वरण पातळ झाले होते, आणि उपाशी पोटी नव्या पेशी घडत नाहीत. अखेर जंतूंच्या विषाने माझ्या पेशींना उलट्या कामाला जुंपले. जे पाणी आत घ्यायचे, तेच त्या बाहेर ओतू लागल्या, आणि जुलाब थांबेनात. महानंदाचे डोळे खोल गेले. ती रडे, पण डोळ्यांत पाणी नसे.

"अक्का, पोरीचं तोंड सुकून राहिलंय. घोटभर पाणी देऊ का?"

"देशील तेवढं खालून जातंय. पोट जरा कोरडं राहू दे."

गौरम्माने सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर भामाबाईंना बोलावणे पाठवले. त्या भीमनगरात राहत. महानंदाला लसही त्यांनीच टोचली होती, याच ओसरीवर. त्यांनी उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या सोबत आणला होता. त्यात त्या साखर-मीठ घालू लागल्या, तशा अक्का पुढे झाल्या.

"थांबा सिस्टरबाई. कसं करायचं तेवढं सांगा. घरचं पाणी हाय, मी करते."

भामाबाईंनी तांब्या खाली ठेवला. "सुई टोचायला माझा हात चालला, अक्का. पाण्याला न्हाई चालत?"

"सुईचं येगळं, पाण्याचं येगळं."

"बरं. भांडं तुमचं, चूल तुमची. पण उकळून द्या."

"हाव," अक्का म्हणाल्या. प्रमाण सांगून भामाबाई पुढच्या घरी गेल्या.

साखर आणि मीठ जोडीने आले की उघडणारे माझे एक दार असते. बाकी सारे मोडून पडले, तरी ते बहुधा शाबूत राहते, आणि त्यातून पाणी आत ओढले जाते. मी आशेने ते दार उघडले. साखर बरोबर होती, मीठ बरोबर होते, पण पाणी तेच होते. गाळलेले नितळ पाणी उकळायचे कशाला, असे अक्कांना वाटले होते. दुपार उतरेपर्यंत महानंदाची मान लुळी पडली.

भामाबाई परत आल्या. "उकळलं होतं का?"

"गाळलं होतं की. डोळ्यानं बघा, एक कण न्हाई."

गौरम्मा उठली. तिने लेकीला भामाबाईंच्या मांडीवर ठेवले. "अक्का, मला काय बोलायचं ते उद्या बोला. सिस्टर, तुमच्या तांब्यातलं द्या."

विरूपाक्ष उंबऱ्यात उभे होते. त्यांनी अडवले नाही, पण बायकोच्या बाजूने ते पुढेही झाले नाहीत.

चमच्या-चमच्याने पाणी येत राहिले. मी मिळेल तेवढे आत घेत राहिले. दिवेलागणीला महानंदाने दिवसभरात पहिल्यांदाच लघवी केली, तीही भामाबाईंच्या पांढऱ्या साडीवर.

"भिजवलंस की ग मला," त्या म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

त्या गेल्यावर अक्कांनी घरचा तो चमचा चुलीतल्या निखाऱ्यांत घालून शुद्ध करून घेतला. झिऱ्याच्या पाण्याचा हंडा होता तिथेच, फडक्याने झाकलेला होता. पुढे गौरम्मा त्यातले पाणी उकळूनच लेकीला देऊ लागली. अक्का पाहत, पण अडवत नसत. त्या निष्ठुर नव्हत्या. त्या दिवशी महानंदाचे पाय चोळत त्याही बसल्या होत्या.

महानंदा जगली. माझ्या कित्येक घड्या मात्र पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत, आणि खाल्लेले तिच्या अंगी लागायला वर्षे गेली. शाळेत ती सगळ्यांत ठेंगणी होती.

मित्रांनो, नितळ दिसले तरी पाणी उकळा. जुलाब लागलेल्या बाळाचे पाणी तोडू नका. माझी राखण फार पातळ आहे, आणि तिच्यावर तुमचा सारा जीव आहे. माझ्यापर्यंत जे येते, ते कोणाच्या हातून आले हे मला कधीच कळत नाही. ते पाणी कसले होते, तेवढेच मला कळते.