फुकट सोडे कुणी घेईना

कोळीवाड्याच्या समाजमंदिरात त्या संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध पाटावर व्हायरलनाथ महाराज बसले होते. भगवा कुर्ता, गळ्यात रुद्राक्ष आणि डोक्यामागे रील काढताना लावतात तो गोल दिवा. देवांच्या तसबिरीत तेजोवलय असतं, महाराजांचं तेवढं चार्जिंगवर चालायचं.

"अल्गोरिदम म्हणजे कोण?" महाराजांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं. "कलियुगातला राहू. तो तुमच्या पेजला गिळतो. मी सोडवतो."

समोर तांदळाच्या परातीत सुकी मासळी विकणाऱ्या नीराबाईंचा फोन होता, वर लाल फडकं. महाराजांनी पेजचं 'नाव-गोत्र' विचारलं, चेल्यानं ते लिहून घेतलं आणि तो समई आणायला म्हणून बाहेर गाडीकडे गेला. मंत्र झाले, नारळ फुटला. फडकं निघालं तेव्हा फॉलोअरांचा आकडा भरतीच्या पाण्यासारखा चढत होता. साडेतीन हजारांचे चाळीस हजार झाले आणि लोकांनी हात जोडले. लॉज चालवणारे इसहाकचाचासुद्धा पुढे सरकले. "मी गंडे-तावीज मानीत न्हाय," ते म्हणाले, "पर आकडा वाढला का न्हाय, सांगा."

दारात उभी असलेली विनिता, नीराबाईंची सून, नुसती त्या आकड्याकडे बघत होती. ते पेज तिनं जन्माला घातलं होतं. पूर्वी सासू रस्त्याकडेला सुकट विकायची. पर्यटक नाक मुरडत आणि पुढे जात. विनितानं बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांचे फोटो टाकले, भाव लिहिले, विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर दिलं. पुणे-डोंबिवलीहून ऑर्डरी यायला लागल्या. पावसात होड्या बंद असतात, त्या महिन्यांत घर या ऑर्डरींवर चालायचं. म्हणून फोनला नावं ठेवणाऱ्यांतली ती नव्हती.

महाराज येऊन गेले आणि पेजवर लाइकच्या लाल बदामांचा पाऊस पडला. ऑर्डरी मात्र थांबल्या. मे संपत आला, हवा दमट झाली, घरात सुकटीच्या गोणी तशाच. सुकटीला एकदा दमट हवा लागली की बुरशी धरते, मग ती खत म्हणूनच जाते.

"महाराज म्हनले, धीर धर," नीराबाई म्हणाल्या.

"आई, या चाळीस हजारांत भाव कुनी विचारला?"

नीराबाईंनी आठवून पाहिलं. उभ्या जन्मात घासाघीस न करणारं गिऱ्हाईक त्यांना भेटलं नव्हतं. "वर दोन बोंबील टाक" असं म्हणणारंसुद्धा या चाळीस हजारांत एक नव्हतं. तरी त्या म्हणाल्या, "लाजत असतील."

महाराज पुन्हा समाजमंदिरात आले, या वेळी दुसऱ्या दुकानांची पेजं सोडवायला. विनिता भर सभेत उठली.

"महाराज, एक चमत्कार मीपन करते. हे आमच्या फुटक्या टोपलीचं पेज, सकाळी काढलंय." तिनं फोन सगळ्यांपुढे धरला. "हिला हजार भक्त लागलेत, अजून वाढतायत. मंत्र न्हाय, नारळ न्हाय. फॉलोअर इंटरनेटवर विकत मिळतात, बाजारात जवळा मिळतो तसे. सगळी खोटी खाती. पेजचं नाव टाकायचं आनि पैसे भरायचे. त्यालाच हे नाव-गोत्र म्हनतात. चेला गाडीत बसून हेच करतो."

कुजबुज झाली. विनितानं नीराबाईंचं पेज उघडलं. "काल इथं लिवलं, सोडे फुकट देते, फक्त पत्ता कळवा. सोललेल्या कोळंबीचे सोडे, फुकट! आता वाचा."

खाली ओळीनं कौतुक होतं. खूप सुंदर! मस्त! पत्ता एकाचाही नव्हता. फुकटचे सोडे नको म्हणणारा माणूस या किनाऱ्यावर अजून जन्माला यायचाय, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळ्यांत तळाशी पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं लिहिलं होतं, 'ताई, महिनाभर तुमचं काही दिसलंच नाही. मी वर्षाची सुकट दुसरीकडून भरली.'

"पोस्ट आधी थोड्याच लोकांना दाखवतात," विनिता म्हणाली. "त्यांनी विचारपूस केली तर पुढं जाते. आपल्या टोपलीभोवती भुतांचा गराडा पडलाय, खऱ्या गिऱ्हाइकाला टोपली दिसतच न्हाय."

महाराज जराही डगमगले नाहीत. "मी अनुयायी देतो, बेटी. गिऱ्हाईक देणं कर्माच्या हातात."

आणि अर्ध्या सभेनं मान डोलावली. विनिताला रडू आलं. इसहाकचाचा हळूच म्हणाले, "तुजं खरं असंल पोरी. पर लोक आकडा बघूनच लॉजवर येतात." त्यांनी लॉजच्या पेजचं नाव-गोत्र चेल्याच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी महाराज आगरदांड्याहून फेरीबोटीनं खाडीपलीकडच्या दिघीला गेले. सासू-सून ओट्यावर बसून खोटी खाती एकेक करून काढू लागल्या, जवळ्यातली रेव निवडतात तशी. रेव संपेना. मध्येच महाराजांची नवी रील आली. त्यात हात जोडलेल्या नीराबाई होत्या आणि खाली दिघीचे लोक विचारत होते, महाराज आमच्याकडे कधी बसणार?

"माजंच तोंड वापरलं त्यानं," नीराबाई म्हणाल्या. "लिव काहीतरी."

विनितानं रीलखाली लिहिलं, 'या बाई माझ्या सासूबाई. हे फॉलोअर विकतचे आहेत, आमचा हंगाम बुडाला. पेज जरूर काढा, त्यानं धंदा वाढतो, आमचा वाढला होता. पण गर्दी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. आकड्याला हात जोडण्याआधी बघा, त्यातल्या कुणी तुम्हाला भाव विचारलाय का.'

थोड्या वेळानं महाराजांच्या पेजवरून ते पुसलं गेलं. तिनं पुन्हा लिहिलं. या वेळी खाली लगेच एक बदाम आणि एक उत्तर आलं.

"कोन हाय?" नीराबाईंनी आशेनं मान पुढे केली. "काय म्हनतंय?"

विनितानं वाचलं. "खूप सुंदर, म्हनतंय."