बाई चटईवर बसल्या

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे. रंग उडालाय, पण तोरा काही गेलेला नाही. पॅसिफिक महासागरातल्या टोंगा देशात, वावाऊ बेटावर लुपेने मला केवड्याच्या पानांपासून विणलं. विणताना बायका इतक्या हसायच्या की माझी एक ओळ तिरकीच गेली.

पुढे लुपेचा नवरा सेमिसी इस्पितळात आला आणि मी त्याच्या खाटेशेजारी जमिनीवर. त्याला मधुमेह. पायाची जखम इस्पितळात सुधारायची आणि घरी गेला की चिघळायची. ही तिसरी खेप होती. आणखी एकदा चिघळली तर पाऊल कापावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सेमिसीला दिसू नये म्हणून लुपे माझ्यावर बसून, पाठ फिरवून रडायची. मला फार वाईट वाटे.

नर्सिंग कॉलेजात शिकवणाऱ्या लेसिएलीबाई नेमकं यावरच संशोधन करत होत्या. त्यांनी लुपेच्या घरासह वीस घरांना छापील प्रश्न दिले. जखमेची काळजी कशी घ्यायची ते समजलं का? वीसच्या वीस घरांनी लिहिलं, हो, छान समजलं. आमच्याकडे शिकवणाऱ्याला तोंडावर 'नाही समजलं' म्हणणं म्हणजे त्याचा अपमान. बाई इथल्याच, पण कागदांच्या नादात त्याही हे विसरल्या होत्या.

एका दुपारी त्यांनी कागद बाजूला ठेवले, चपला काढल्या आणि खुर्ची सोडून थेट माझ्यावर बसल्या. "लुपेमावशी, माझंच काहीतरी चुकतंय. रविवारी सकाळी तुम्ही यांच्या पायाचं काय काय करता, ते करून दाखवा बघू."

लुपेने हातांनीच पट्टी सोडल्यासारखं केलं, मग बूट चढवल्यासारखं.

"बूट?" बाईंनी विचारलं.

"मग? हे चर्चमध्ये पहिल्या रांगेत गातात. चिंध्या गुंडाळून देवापुढे उभं राहायचं का?"

"बूट चावतो म्हणून मी सांगतोय कधीचा," सेमिसी खाटेवरून म्हणाला. "पण ही ऐकेल तर शपथ."

बाई रागावल्या नाहीत. उरलेल्या एकोणीस घरांतही त्या अशाच जमिनीवर बसल्या. अकरा घरांत रविवारी बुटासाठी पट्टी सोडली जात होती. मग बायकांनी बुटाऐवजी पट्टीवरून घालायला काळ्या कापडाचे सैल मोजे शिवले. हा रविवारचाच पोशाख आहे, असं पाद्रीबाबांनी प्रार्थनेआधी सर्वांना सांगितलं. त्या घरांतल्या जखमा भरू लागल्या. तीन महिन्यांनी डॉक्टर सेमिसीला म्हणाले, पाऊल वाचलं. त्या दिवशी लुपे माझ्यावर अशी नाचली की माझी एक कड उसवली. उसवू दे!

लुपेने मला कॉलेजला देऊन टाकलं. आता तिथल्या मुली 'समजलं का' असं विचारत नाहीत, 'करून दाखवा' म्हणतात. परवा एक नवी मुलगी मात्र खुर्चीत बसून एका आजींना 'समजलं का' असंच विचारत होती आणि आजी आपल्या सगळं छान म्हणत होत्या. मुलगी थांबली. उठून तिने मला अंथरलं आणि खाली बसली.

आजी हळूच म्हणाल्या, "खरं सांगू का, पोरी?"

मित्रांनो, मला जपायचं असेल तर गुंडाळून कपाटात ठेवू नका. अंथरा, बसा, आणि आजींचं सगळं सांगून होईपर्यंत उठू नका.