दातांच्या दवाखान्यातला मासा

सांगतो ते तुम्हाला पटणार नाही. पटूही नये, आजवर माझं बोलणं ज्याला पटलं, त्याचं पुढे नुकसानच झालंय. तरी ऐका. एका मेलेल्या माशाला मी जिवंत केलं.

मी वायरमन. दातांचा एक दवाखाना कायमचा बंद झाला, तिथल्या वायरी आणि बोर्ड काढायचं काम माझ्याकडे आलं. खुर्च्या गेल्या होत्या, फरशीवर त्यांचे डाग तेवढे उरले होते. पेशंट बसायचे त्या खोलीच्या कोपऱ्यात काचेची टाकी. पाणी शेवाळाने हिरवं, तळाशी कुजलेलं खाणं, पंप कधीचाच बंद पडलेला. आत एकच गोल्डफिश, कुशीवर कललेला. शेपटी कुरतडल्यासारखी, पाठीवर कापसासारखी बुरशी. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, तो अजून आहे का? मी म्हटलं, आहे की. तुमच्या पेशंटसारखा तोंड उघडून वाट बघतोय.

मासा त्याच्याच घाण पाण्यात बादलीत घातला, टाकी काखेत मारली आणि घरी आणला.

आता घरचं सांगायला हवं. आमची लेक गेली, तेव्हापासून ही बोलायची थांबली. भांडण नाही, रुसवा नाही. चहा देते, कपडे वाळत घालते, विचारलं तर मान हलवते. घसा तपासून झाला, त्यात काही दोष नाही. माझं उलटं झालं. माझी जीभ थांबेना, पण आत काही हलेना. दात काढायच्या इंजेक्शननंतर गाल कसा दुसऱ्याचा वाटतो, तसा मी सगळाच दुसऱ्याचा वाटायचो.

पूर्वी मी थाप मारली की ही आतल्या खोलीतून पकडायची. लग्न झाल्यापासून एकही सुटू दिली नव्हती. आता माझ्या सगळ्या थापा बिनबोभाट खपत होत्या. थापाड्याला याहून मोठी शिक्षा नाही. हिने एक शब्द बोलावा, शिवी हासडली तरी चालेल, एवढंच मला हवं होतं.

तर टाकी घासूनपुसून मी नळाच्या ताज्या पाण्याने काठोकाठ भरली. मासा आत सोडणार, तोच हिचा हात बादलीवर आडवा आला. मान हलली. नाही. त्या हाताचा अर्थ मला पंप आणायला गेलो तेव्हा कळला. दुकानदाराने झापलं: नळाच्या पाण्यात औषध असतं, ते उतरू द्यायचं असतं. आणि सगळं पाणी एकदम बदललं तर आजारी मासा धक्क्यानेच जातो. लेकीने लहानपणी मासे पाळले होते. त्यांचं सगळं हीच करायची. मी फक्त नावं ठेवायचो.

पुढे घडला तो चमत्कारच म्हणा. दुपारी माझा डोळा लागायचा. उठून पाहावं तर टाकीतलं थोडंसं पाणी बदललेलं, फरशी ओली, खडेमिठाची बरणी ओट्यावर. एकदा तर तळाशी उकडून सोललेला, कुस्करलेला मटारचा दाणा. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मान हलली असती, आणि मला मान नको होती.

हळूहळू बुरशी गळाली. मासा सरळ झाला. शेपटीच्या कडेला काचेसारखी पातळ नवी झालर फुटली. ती पाहून आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. मी नुसता पाहत राहिलो. शेजारी ही उभी होती, तीही नुसती पाहत.

मग एका संध्याकाळी माझा दोस्त आला, निवृत्त पोस्टमन. आतल्या खोलीचं दार सताड उघडं ठेवून मी खणखणीत आवाजात गोष्ट रंगवायला घेतली. माशाच्या तोंडात फुंकर मारून त्याला श्वास दिला म्हणालो. तो म्हणाला, बरं. रोज बाहेर काढून त्याची पाठ रगडायचो म्हणालो. तो म्हणाला, "पाकीट फार जड व्हायला लागलंय, तिकीट जास्त लागेल." आत ही भांडी पुसत होती. वाटीवर वाटी बसल्याचा आवाज येत होता, एका लयीत, तसाच.

तेव्हा मी ठेवणीतली काढली. सगळ्यात साधी थाप.

"आणि पाणी म्हणशील," मी म्हणालो, "तर भर दुपारी झोपमोड करून मी स्वतः बदलायचो. मीठ, मटार, सगळं मीच. हिला तर पत्ताच नव्हता."

आत वाट्यांचा आवाज थांबला. पोस्टमनने कप खाली ठेवला. ही दारात आली, हातात फडकं. तोंड उघडलं आणि आधी नुसती हवाच बाहेर आली, मग न वापरलेल्या बिजागरीसारखा आवाज.

"खोटं," ही म्हणाली. "दुपारी तुम्ही घोरत असता."