विसरल्याचं सोंग

कुलूप हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पहिल्या क्लबातल्या गोलरक्षकाने ते गमतीत ठेवलं आणि पुढे पाच देशांत तो जिथे जिथे खेळला, तिथल्या तिथल्या भाषेत त्याचं भाषांतर होत गेलं. बचावपटूचं काम म्हणजे काय, तर समोरून येईल त्याला अडवायचं आणि वरून येणारा चेंडू डोक्याने परतवायचा. गोल मारणाऱ्यांना यात काही विशेष वाटत नाही. टाळ्या त्यांनाच मिळतात. कुलूपने सोळा-सतरा वर्षं हेच केलं. एका देशात मैदान इतकं गोठायचं की पडलं की कोपर सोलून निघे. दुसऱ्या देशात उन्हापायी पहाटेच सराव उरकावा लागे. तिसऱ्या देशात क्लबचंच दिवाळं निघालं आणि बायको, तान्ही मुलगी आणि चार बॅगा घेऊन पुढचं गाव गाठावं लागलं. डोकं मात्र सगळीकडे तेच होतं आणि चेंडूही तेवढाच कडक.

दर मोसमाच्या सुरुवातीला क्लबचा डॉक्टर खेळाडूंच्या डोक्याची परीक्षा घेतो. दहा शब्द ऐकवतो, मग महिने उलटे म्हणायला लावतो, एका पायावर उभं करतो आणि शेवटी विचारतो, मघाचे शब्द कोणते? हा निकाल जपून ठेवतात. पुढे कोणाच्या डोक्याला मार लागला की पुन्हा तीच परीक्षा. आधीपेक्षा कमी शब्द आठवले तर बाहेर बसायचं. यातली पळवाट शोधायला फार हुशारी लागत नाही. सुरुवातीलाच मुद्दाम कमी शब्द सांगून ठेवायचे, म्हणजे मार खाऊनही तेवढे येतातच. कुलूप या कलेत तरबेज. दहाच्या दहा तोंडपाठ असायचे, पण पठ्ठ्या त्यातले सहा गिळायचा, कपाळाला आठ्या घालायचा आणि म्हणायचा, "जिभेवर आहे हो, पण आठवत नाही." नाटकात गेला असता तर तिथेही नाव काढलं असतं.

बायकोला हे सगळं ठाऊक होतं. पूर्वी ती हसायची. या वर्षी तिचं हसू आटलं होतं. मध्यंतरी तो मुलीला शाळेतून आणायला निघाला आणि मागच्या देशातल्या जुन्या शाळेचा पत्ता फोनमध्ये घालून गाडी हाकत सुटला. नकाशा सांगत होता की सीमा ओलांडायची आहे, आणि हा ओलांडायला निघालाच होता. एकदा मध्यंतरानंतर तो मैदानाच्या भलत्याच अर्ध्या भागात जाऊन उभा राहिला. सोबत्यांना वाटलं, कुलूप आज रंगात आहे.

"या वेळी परीक्षा खरी दे," ती म्हणाली होती. "चांगली गेली तर खेळ. मी चकार शब्द काढणार नाही. वाईट गेली तर बूट टांगायचे. मुलीची शपथ घे."

त्याने शपथ घेतली. या क्लबचा आणखी एक वर्षाचा करार समोर होता, बहुधा शेवटचाच, आणि त्याला दुसरं कुठलंच काम येत नव्हतं. पण बायकोचं म्हणणं त्याला मनातून पटलं होतं. खरं सांगायचं तर त्यालाही एकदा जाणून घ्यायचं होतं.

डॉक्टरांच्या खोलीत मलमाचा वास भरून राहिला होता. भिंतीवर सोललेल्या गुडघ्याचं चित्र होतं. शब्द त्याच्या मायबोलीतच ऐकवले, त्यामुळे परक्या भाषेचा बहाणाही राहिला नव्हता. त्याने जिवाचा कान करून ऐकले. एकेक शब्द मनात घोळवला. महिने उलटे म्हटले, जरा अडखळला. एका पायावर उभा राहिला.

"हं, सांगा," डॉक्टर म्हणाले.

"दिवा. साबण. पूल." तो थांबला. "मांजर."

मग काहीच नाही. घरात माणसं होती आणि आता नाहीत, एवढंच कळावं, तसं झालं.

"आणखी?"

"जिभेवर आहे हो," तो म्हणाला. या वेळी कपाळाला आठ्या आपोआपच पडल्या होत्या.

डॉक्टरांनी जुना निकाल काढून शेजारी ठेवला. डॉक्टर तसे खुशालचेंडू. "गेल्या वर्षीही चारच. तिळमात्र फरक नाही. तुमची स्मरणशक्ती मुळातच यथातथा आहे, पण बचावपटूला ती हवीय कशाला?" ते हसले, त्याच्या पाठीवर थाप मारली. कुलूपही हसला. सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. गेल्या वर्षी मी नाटक केलं होतं, या वर्षी नाही केलं, एवढी दोनच वाक्यं होती. पण बाहेर मॅनेजर करार घेऊन उभा होता. कुलूपने सही केली.

घरी बायको ओट्याशी भांडी पुसत होती. टेबलाशी बसून मुलगी केळं सोलत होती.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"फिट आहे."

"खरी दिलीस ना?"

गाडीत त्याने याचाच विचार केला होता. दहा आठवले म्हणावं, तर डॉक्टर बोलघेवडे, तिच्याशी बोलताना चाराचा आकडा सांगून बसणार. चारच आठवले म्हणावं, तर उद्यापासून खेळ संपला. "नाही," तो म्हणाला. "बसलो आणि सवयीने पुन्हा सोंग केलं. चारच सांगितले."

तिने भांडं आपटलं. "शपथ घेतली होतीस! तू काही सुधारायचा नाहीस." पण एवढं बोलून तिने सुटकेचा श्वास सोडला. नवरा खोटारडा निघाला, याचं तिला बरंच वाटलं होतं. ते पाहून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग सगळे सांग ना, बाबा," मुलगी म्हणाली आणि तिने दोन्ही हात वर केले. हा त्या बापलेकींचा जुना खेळ होता. परीक्षेच्या दिवशी घरी येऊन तो दहाही शब्द धडाधड म्हणून दाखवायचा आणि ती बोटं मोजायची. गाडीत त्याला हे सुचलंच नव्हतं.

"दिवा, साबण, पूल, मांजर," तो म्हणाला. चार बोटं मिटली. "मग... केळं."

"पाच."

"खिडकी. चमचा. पातेलं."

बायको त्याच्याकडे बघत होती.

"फडकं," तो म्हणाला.

तिने हातातल्या फडक्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे, आणि मुलीच्या हातातल्या केळ्याकडे.

"खुर्ची."

"दहा!" मुलगी म्हणाली. "बाबाला सगळं येतं."

बायकोने फडकं ओट्यावर ठेवलं. ती त्याच्या समोर येऊन बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "सही केलीस?"

"केली."

"उद्या मी येते तुझ्याबरोबर. डॉक्टरांना मी सांगते."

एरवी तो वाद घालून तिला हैराण करायचा. आता त्याने टेबलावरचा तिचा हात नुसता धरला.

"मी खूप लक्ष देऊन ऐकले गं," तो म्हणाला. "खरंच, चारच आठवले."